फुकट्यांचा हिशोब

खान्देशातल्या पोरांना गेम फुकटच लागतो, विकत घ्यायची दानतच नाही, हे विधान इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याला उत्तर द्यायलाच हवं. विधान करणारे बहुतेक आमच्यातलेच असतात. असोद्यात किंवा भादलीत वाढलेले, जळगावला शिकलेले, पुण्यात आयटीत लागलेले, आणि सणावाराला आले की ओट्यावर बसून गावाचा निवाडा करणारे. वर 'बहिणाबाईंच्या माहेरी हे शोभतं का' अशी फोडणी असतेच. (असोदा म्हटलं की बहिणाबाई, नाहीतर भरिताची वांगी. तिसरं काही या गावात घडतच नसावं.)

त्यांची मांडणी सरळ असते. आता गेम अधिकृत मिळतात, घरबसल्या मिळतात, सवलतीत मिळतात. तरी पोरगं क्रॅक (कुलूप तोडलेली प्रत) शोधतं, मित्राकडून एपीके (ॲपची फाइल) मागतं. तेव्हा खोट त्याच्या वृत्तीतच आहे. यातल्या 'मिळतात'कडे मी येणारच आहे, ते अर्धंमुर्धं खरं आहे. पण वृत्तीची गोष्ट साफ चूक आहे, आणि ती चूक दाखवायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या पिढीने गेमसाठी काय मोजलं, कुणाला मोजलं, एवढं आठवलं तरी पुरे.

जळगावच्या पार्लरमधल्या पेटीत रुपयाचं नाणं टाकलं की 'मुस्तफा' सुरू व्हायचा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९९३ सालचा. मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचं नाव, पण देशभरच्या पोरांनी तेच गेमला देऊन टाकलं. नाणं संपलं की बाजूला उभं राहून दुसऱ्याला 'उडी मार, उडी मार' सांगत बसायचं. उधारी नव्हती. त्या पेट्यांतले बोर्ड बहुतेक नकली असायचे, त्यामुळे आमच्या रुपयातला छदामही जपानला गेला नसणार. पण तो हिशोब पार्लरवाल्याने द्यायचा. पोरगं खेळलं तेवढ्याचे पैसे टाकून घरी गेलं होतं.

मग टीव्हीला जोडायचा डबा आला. निन्टेन्डोचं यंत्र भारतात 'समुराई' या नावाने विकलं गेलं होतं, हे फार पुढे वाचण्यात आलं. आमच्या बाजारात दिसली ती त्याची स्वस्त नक्कल. तिच्या कॅसेटीवर '९९९९९९ इन १' छापलेलं असायचं आणि आत दहा-पंधरा गेम, तेच ते, उलटसुलट नावांनी. 'मारिओ', 'कॉन्ट्रा', रणगाड्यांचा एक, बदकं मारायचा एक. कॅसेट चालली नाही की काढून तोंडाने फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. डबा विकतचा, कॅसेट विकतची. ज्याला विकत परवडत नसे तो भाड्याने आणायचा. इथेही फुकट काही नव्हतं.

त्यानंतरचा काळ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण या वादात त्याचं नाव कुणी काढत नाही. साध्या मोबाईलच्या दिवसांत दुकानादुकानाबाहेर पाटी असायची: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. वीस-तीस रुपये, फार तर पन्नास. गाणी, रिंगटोन, एखादा सिनेमा आणि गेम. जावा गेम प्रत्येक फोनवर चालत नसत, पडद्याच्या आकाराप्रमाणे फाइल वेगळी लागे. दुकानदार फोन हातात घेऊनच सांगायचा, यात हा चालेल, तो चालणार नाही. त्याने टाकलेला गेम अडकला तर दुसऱ्या दिवशी जाऊन भांडता यायचं, आणि तो मुकाट्याने दुसरा टाकून द्यायचा. चाललं नाही तर पैसे परत, ही सोय स्टीमसारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या गेमच्या दुकानाने २०१५ च्या जूनमध्ये सुरू केली. आमच्या कार्डवाल्याकडे, पैसे नाही तरी गेम बदलून द्यायची सोय, त्याच्या आधीपासून होती.

त्याला साधुसंत ठरवायचा माझा इरादा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ त्याला सहा महिने ते तीन वर्षं आत टाकू शकलं असतं. आणि कलम ६३-ब तर नकली प्रोग्राम आहे हे माहीत असून संगणकावर वापरणाऱ्यालाही धरतं: किमान सात दिवस कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापरामागे कमाईचा हेतू नसेल तर न्यायालय निव्वळ दंडावर सोडू शकतं, एवढीच सवलत. कायदा स्पष्ट आहे आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. माझा वाद दानतीच्या आरोपाशी आहे. नाणं, कॅसेट, कार्ड, सायबर कॅफेचा तास. प्रत्येक टप्प्यावर पैसे निघाले ते पोरांच्याच खिशातून. ते गेम बनवणाऱ्यापर्यंत पोचले नाहीत, कारण असोद्याहून त्याच्यापर्यंत जाणारा रस्ताच कुणी बांधला नव्हता.

अधिकृत सीड्या होत्या की, असं म्हणतील. होत्या, मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये. स्टीम २००३ पासून होतं. पण भारतात ते रुपयांत किमती दाखवायला लागलं २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये. तोवर डॉलर, आणि डॉलरसाठी परदेशात चालणारं कार्ड. गावात क्रेडिट कार्ड म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे किसान क्रेडिट कार्ड यायचं, आणि त्यावर बी-बियाणं मिळतं, 'सॅन अँड्रियास'सारखा गेम मिळत नाही. समजा कार्ड मिळालं असतं, तर उतरवणार कसा? त्या दिवसांतल्या ब्रॉडबँडचा वेग सेकंदाला २५६ किलोबिट. साडेचार जीबीचा गेम त्यावरून यायला चाळीसेक तास लागतात, तेही वीज अखंड असेल तर. भारनियमनाच्या त्या वर्षांत गावाला सलग चाळीस तास वीज म्हणजे थट्टाच. म्हणून पेन ड्राइव्ह. सगळी निवड इथेच संपत होती, आणि तिलाच आज वृत्ती म्हणतात.

हा रस्ता बांधता येतो हे पोलंडने दाखवलं. साम्यवाद कोसळल्यानंतर तिथे गेम म्हणजे उघड्या बाजारात चटईवर मांडलेल्या नकली सीड्या. अशा देशात १९९४ साली दोन तरुणांनी सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली आणि परदेशी गेम आणून विकायला लागले. 'बाल्डर्स गेट' हा मोठा गेम त्यांनी १९९९ मध्ये आणला तो पूर्ण पोलिश भाषेत, पोलिश नटांच्या आवाजात, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घालून. नकलीवाल्याला जे देता येणार नाही ते त्यांनी दिलं, आणि 'फुकट्या' पोलंडने रांगा लावून तो घेतला. त्याच कंपनीने पुढे 'विचर' बनवला, आणि २००८ मध्ये जीओजी हे दुकान काढलं, जिथे विकत घेतलेल्या गेमला कुलूप नसतं, फाइल उतरवून कायमची जवळ ठेवता येते. पोलिश माणसांची दानत त्या पाच वर्षांत बदलली होती असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडे. मराठीत बोलणारा मोठा गेम घेऊन खान्देशात कोण आलं होतं, एवढंच मी विचारतो. आज गेमच्या दुनियेत मराठी किती, हेही त्याच प्रश्नात मोजा.

आता 'मिळतात'कडे.

घरबसल्या मिळतात म्हणे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, एपिक नावाच्या दुकानाने आठवडाभर 'जीटीए फाइव्ह' चकटफू वाटला. गर्दी एवढी झाली की त्यांचं दुकान काही तास बंद पडलं. आमच्याकडच्या पोरांनीही घेतला, ज्यांच्या संगणकात तो क्रॅक करून आधीच होता त्यांनीसुद्धा. फुकट्याला काय, दोन्ही फुकटच की. मग खटपट कशाला? कारण अस्सल हवा होता, नाव लावून आपल्या खात्यात हवा होता. पण गेमचं वजन नव्वद जीबीच्या वर, आणि घरात नेट म्हणजे रोजचं दीड जीबी. दुसरं काही न बघता, शाळेचा ऑनलाइन तास न करता, रोजचा शेवटचा थेंब गेमला दिला तरी दोन महिने. शेवटी निर्बंध सैल झाल्यावर जळगावहून एक हार्ड डिस्क आली. तिच्यातल्या फाइली जागेवर टाकल्या, एपिकला त्या तपासायला लावल्या, उरलंसुरलं नेटवरून उतरवलं. परवाना कायदेशीर, माल हातोहात. या पोरांना तुम्ही कुठल्या रकान्यात टाकणार?

सवलतीत मिळतात. काही मिळतात, आणि ते घेतलेही जातात. रुपयांत किमती आल्यावर स्टीमच्या सेलची वाट बघणारी पोरं आमच्याकडेही तयार झाली आहेत. पण प्लेस्टेशन ५ च्या नव्या मोठ्या गेमची भारतातली किंमत ४,९९९ रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे एका गेमला साठेक किलो कापूस, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. यावर उत्तर येतं की ज्याने पन्नास हजारांचं यंत्र घेतलं त्याला पाच हजारांचं काय एवढं. बरोबर आहे, आणि म्हणूनच यंत्रवाली पोरं क्रॅकच्या भानगडीत पडत नाहीत. ती डिस्क घेतात, खेळून संपवतात, विकतात, त्यात भर घालून पुढची घेतात. एक डिस्क चार घरं फिरते. कंपन्यांना नेमकं हेच खुपतं. डिस्कची खाचच नसलेलं यंत्र बाजारात आहे. त्यावर घेतलेला गेम ना विकता येतो, ना चुलतभावाला देता येतो.

अधिकृत मिळतात, हे तर ऐकून हसावं की रडावं. गावातल्या पोराचं यंत्र म्हणजे मोबाईल, आणि मोबाईलवरच्या त्याच्या आवडत्या खेळाची कुंडली बघा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाईल बंद केला. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने अधिकृतपणे परत. जुलै २०२२ च्या अखेरीस गुगल आणि ॲपलच्या दुकानांतून एका रात्रीत गायब. ज्याच्या फोनात आधीपासून होता त्याचा मात्र चालूच. मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. मधेच फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी. आणि फाइल या फोनातून त्या फोनात टाकायचं शेअरइट या सगळ्याच्या आधीच, २९ जून २०२० च्या एकोणसाठ ॲप्सबरोबर गेलेलं. ज्याचा फोन बीजीएमआय दुकानात नसलेल्या त्या दहा महिन्यांत फुटला, किंवा ज्याला दहावी झाल्यावर नवा फोन मिळाला, त्याने काय करायचं होतं? त्याने मित्राकडून एपीके घेतलं आणि 'अनोळखी स्रोत'ला परवानगी दिली. गेम कंपनीचाच, सर्व्हर कंपनीचाच, फक्त दुकानाचं शटर ओढलेलं. एका पिढीला बाहेरून फाइल घ्यायची सवय लागली ती अशी, आणि ती लावण्यात सरकार आणि कंपन्या दोघांचा हात होता.

हीच पोरं यूसी विकत घेतात. बीजीएमआयमधलं हे चलन. त्यातून बंदुकीला रंग मिळतो, पात्राला कपडे मिळतात. सर्वात छोटा गठ्ठा घेताना आईच्या फोनवरून यूपीआय करणारी, वाढदिवसाला नव्या कपड्यांऐवजी यूसी मागणारी पोरं प्रत्येक आळीत आहेत. बाप डोक्याला हात लावतो. मला ती चैन पटत नाही, तो वेगळा लेख होईल. पण यांना फुकटे म्हणणाऱ्याने एकदा यांच्या आयांच्या फोनमधले बँकेचे मेसेज वाचावेत.

आणि समजा पोराने सगळं नीट केलं. पूर्ण किंमत मोजली, अस्सल घेतला. त्याला काय मिळालं? युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरला बांधलेला असल्यामुळे गेम मेला. पाठोपाठ तो लोकांच्या खात्यांतूनही काढून घेतला. यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांच्या वर सह्या पडल्या. कॅलिफोर्नियाने कायदाच केला: मालकी देत नसाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि त्याच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर स्टीमने सूचना लावली की तुम्ही घेताय तो वापराचा परवाना. इतकी वर्षं 'विकत घ्या, विकत घ्या' म्हणून आम्हाला नीतीचे पाठ देणाऱ्यांनी विक्री केलीच नव्हती. ती फुंकर मारायची कॅसेट नकली होती खरी. पण कुठल्या दूरच्या कचेरीतून कुणी ती आमच्या माळ्यावरून उचलून नेऊ शकत नव्हतं.

नुकसानीच्या आकड्यांवर फार वेळ घालवत नाही. जितक्या नकली प्रती तितक्या गुणिले किंमत, हा हिशोब करणाऱ्याने मेमरी कार्डावरचे सगळे गेम पोराने पूर्ण भावाने घेतले असते असं धरलेलं असतं. युरोपीय आयोगाने स्वतः पैसे देऊन याचा अभ्यास करवून घेतला होता. गेमच्या बाबतीत नकलीमुळे विक्री घटते असं ठामपणे सिद्ध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. अहवाल २०१५ मध्ये तयार होता आणि २०१७ मध्ये एका खासदारबाईंनी मागून घेतल्यावर बाहेर आला. दोन वर्षं तो कुणी का प्रसिद्ध केला नाही, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

ओट्यावरच्या न्यायाधीशांनाही एक विचारायचं आहे. तुम्ही संगणक शिकलात तो कुठल्या विंडोजवर? पडदा काळा करून 'ही प्रत अस्सल नाही' असं कोपऱ्यात सांगणाऱ्याच ना? तुमच्या लग्नाची पत्रिका ज्या डीटीपीवाल्याने केली, त्याचं चित्रांचं सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्ट कुठून आले होते? त्या फॉन्टबरोबर संगणकाला मागून लावायचं एक कुलूप यायचं आणि ते तोडून देणारे लोकही असायचे. ते सॉफ्टवेअर पोटापाण्यासाठी होतं, गेम करमणुकीसाठी, असा फरक कुणी करेल. कायदा तर उलटा आहे: कमाईसाठी नकली वापरणाऱ्याला तो जास्त कडक आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर आमच्या पोरांचा उत्साह वाढेल, म्हणून त्यांच्याशीही थोडं. मेमरी कार्ड भरणाऱ्याला तोंड होतं, पत्ता होता. आज क्रॅक ज्याच्याकडून उतरवता त्याला दोन्ही नाही. 'क्रॅकोनॉश' नावाचं एक प्रकरण अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने जून २०२१ मध्ये उघडकीला आणलं. 'जीटीए फाइव्ह'सारख्या गेमच्या क्रॅकमध्ये लपून ते संगणकात शिरायचं, अँटिव्हायरस बंद पाडायचं आणि गुपचूप मालकाच्या विजेवर आभासी चलन खोदत बसायचं. जगभर दोन लाखांवर संगणक, त्यात भारतातलेही हजारो. घरचा संगणक रात्रभर का गुरगुरतो आणि बिल का वाढलं, याचं उत्तर कधी कधी तिथे असतं.

आणि 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केलेला गेम. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, दुर्गेची साथ, राजस्थानी धाटणीचे महाल. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागून पाहिली, ती उभी राहिली नाही. तरी रेटून २०२० मध्ये गेम आणला. मी वर केलेल्या बहुतेक तक्रारी इथे लागू पडत नाहीत. बनवणारे पुण्यात, किंमत रुपयांत, सेलमध्ये आणखी खाली, आणि एकट्याने खेळायचा असल्याने सर्व्हर बंद पडायची धास्ती नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराने याचाही क्रॅक उतरवला आणि 'ग्राफिक्स काय भारी' म्हणून मोठ्या अभिमानाने मलाच दाखवायला आला. इथे मी त्याच्या बाजूने उभा राहत नाही, हे त्याला तोंडावर सांगितलं. फुकट्या मात्र त्याला म्हणता येईना, कारण त्याच महिन्यात त्याने यूसीला घातलेले पैसे 'राजी'च्या किमतीच्या आसपास जात होते. मग याला काहून नही दिले रे, असं विचारलं, तर तो जराही न लाजता म्हणाला, "स्किन त सगळ्यायले दिसते ना काका. गेम ओरिजनल हाये का क्रॅक, ते कोनाले दिसतं?"